उपकाराची विहीर

"कासव वर आलं का गं आज?" सासूबाईंनी ओटीवरून विचारलं.

"नाही आलं," मी म्हटलं.

"भात टाकलास?"

"टाकला. तसाच तरंगतोय."

मला सातवा महिना लागला होता. पोट काठावर टेकू नये म्हणून मी तिरकी उभी राहून विहिरीत डोकावत होते. भाताची शितं पाण्यावर पसरली होती आणि त्यांच्याभोवती एक पातळ, रंगीत तवंग सावकाश फिरत होता. एकही मासा वर येईना. आदल्या वर्षी मी नवी नवरी म्हणून या घरात आले, तेव्हा हातातलं शीत खाली पडायच्या आत पाणी नुसतं खळबळायचं. कासव तर असं आगाऊ, की मान वर काढून वाट बघायचं.

"ऊन वाढलंय, तळाशी बसलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "येईल गं, चल आत."

मी आत गेले, पण माझं मन काही आत आलं नाही.

आमची ही काही साधी विहीर नव्हती. माझे सासरे, बस्त्यावबाबा, तरुण होते तेव्हा एका उन्हाळ्यात गावातल्या झाडून साऱ्या विहिरी खाऱ्या झाल्या. वसईच्या किनाऱ्याकडच्या गावांना हे दुखणं जुनंच आहे. उपसा फार झाला की समुद्र जमिनीखालून आत सरकतो. त्या वर्षी एकटी आमची विहीर गोडी राहिली. बाबांनी देवाचे उपकार मानायचे म्हणून वाडीचं रस्त्याकडचं कुंपण पाडून टाकलं, विहिरीशेजारी क्रूस बांधला, आणि देवाला शब्द दिला की आपल्या दारी मागायला आलेल्या कुणालाही कधी नाही म्हणायचं नाही. हा शब्द त्यांनी असा पाळला की बघत राहावं. उजाडलं की आमच्या अंगणात कळशांची रांग लागायची. कुणी अंगणाचा चिखल करायचं, कुणी दोर तोडून ठेवायचं, पण बाबांच्या कपाळावर आठी नाही. गाव तिला उपकाराची विहीर म्हणायचं.

मे महिन्यात आमच्या क्रुसाचा सण असायचा. जपमाळ, लितानीची प्रार्थना, मग उकडलेले चणे आणि सरबत. हे तर प्रत्येक आळीतल्या क्रुसापाशी होतं. पण आमच्याकडे शेवटी बाबा स्वतःच्या हाताने विहिरीतून पाणी शेंदायचे आणि प्रत्येक घराच्या भांड्यात ओतायचे. लोक ते घरी नेऊन पोराबाळांना घोट घोट पाजायचे, आजाऱ्याच्या ओठांना लावायचे. त्या वर्षीचा सण आता तोंडावर आला होता, आणि माझ्या घशाखाली त्या पाण्याचा घोट उतरत नव्हता.

पाण्याला वास येत होता. घाण नाही. घाण असता तर बरं झालं असतं, कुणीतरी ऐकलं असतं. पाण्याला पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता, गोड, डोक्यात जाणारा.

मी पहिल्यांदा बोलले तेव्हा विहिरीवरच्या बायका फिदीफिदी हसल्या. शेजारच्या नातालमावशी सगळ्यांत पुढे. बाबांच्याच वयाच्या, तोंडाने फटकळ, पण जीव लावणाऱ्या.

"ऐका! हिला पाण्याला केळ्यांचा वास येतो!" त्या म्हणाल्या. "अगं रेजी, केळ्यांच्या वाडीत राहतेस ना तू? मग काय बोंबलांचा वास येईल?"

"मावशी, खरंच येतो."

"कोळीवाड्यातली पोर तू, मासळीच्या वासात वाढलीस. आमच्या केळ्यांनी तुझं नाक धरलं, दुसरं काय? आणि या दिवसांत बाईला सगळ्याचाच वास येतो. मला तर माझ्या नवऱ्याचा यायचा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नव्या सुनेने दुसरं काय करायचं असतं? एक तर मी कोळ्यांची, हे शेतीवाले. एलायसने हट्टाने माझ्याशी लग्न केलेलं. कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण मी प्रत्येक पाऊल जपून टाकत होते.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या घराला पिकल्या केळ्यांचा वास बारा महिने असायचाच. मागच्या दारी घड पिकवायची खोली होती. पण त्या मेमध्ये ती खोली रिकामी होती. शेवटचा घड कधीच बाजारात गेला होता, सासूबाईंनी खोली शेणाने सारवून तिथे चुलीची लाकडं रचली होती. मी एकदा मुद्दाम त्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि वास घेतला. लाकडाचा आला, शेणाचा आला. केळ्यांचा नावाला नाही. परत विहिरीवर येऊन बादली नाकाशी धरली तर हा दरवळ!

आणखीही काही काही होत होतं. विहिरीजवळच्या पानवेली कडेकडेने पिवळ्या पडल्या. उन्हाळ्यात अंगणात डासांनी बसू देऊ नये, तर त्या वर्षी डासच नव्हते. "क्रुसाची कृपा," म्हणून सासूबाई खूश. संध्याकाळी बेडूक ओरडत नव्हते. आळीत चार-पाच जणांची पोटं बिघडली होती, त्याचं खापर आंब्यांवर फुटलं. नातालमावशींच्या धाकट्या नातवाच्या तोंडात फोड आले, काही केल्या बरे होईनात. पोर जेवेना, तेव्हा मावशींनी काय करावं? आमच्या विहिरीचं पाणी, देवाचं पाणी म्हणून, त्याला दिवसातून कितीदा तरी पाजायला सुरुवात केली.

मी एलायसला सांगितलं, तर तो वैतागला. "बाबांसमोर हे बोलू नकोस हां. विहिरीचं नाव काढलं की त्यांना लागतं."

"मग मी काय पिऊ?"

"उकळून पी."

उकळलं की वास घरभर पसरायचा. मी शहाळी प्यायचे, ताक प्यायचे, तहान मारायचे. सासूबाईंना वाटायचं, सुनेला डोहाळे कडक लागलेत.

सणाच्या आदल्या दिवशी इनास निळं पिंप घेऊन आला. हा इनास म्हणजे बाबांच्या वारलेल्या मित्राचा मुलगा. त्याची कंपनी बंद पडली, घरी बायको, तीन पोरं. हिवाळ्यात तो बाबांकडे आला होता, वाडीच्या मागच्या कोपऱ्यात जरा जागा मागायला. कारखान्यांतून रिकामी पिंपं आणायची, धुवायची, विकायची, एवढाच धंदा. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही. "देवाने दिलंय, तू घे," म्हणाले. भाडं तर सोडाच, पाणीसुद्धा आमच्याच विहिरीचं. इनास बिचारा उपकार विसरणारा नव्हता. भेटेल त्याला सांगायचा, बस्त्यावबाबा नसते तर माझी चूल विझली असती.

"वहिनी, हे उद्याच्या सरबताला," तो पिंप ओटीवर ठेवत म्हणाला. चेहरा नुसता फुललेला. "सगळ्यांत चांगलं बाजूला काढलंय. मी स्वतः घासलंय."

सासूबाई हरखल्या. "बघ, कसा मुलगा आहे! रेजी, एकदा विसळून घे गं."

मी पिंपाचं झाकण काढलं, आत वाकले आणि तशीच मागे सरले. तोच वास! पाण्यात होता तोच, फक्त शंभरपट. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"इनासभाऊ, यात काय होतं हो?"

"असेल काहीतरी रंगाबिंगाचं. वरचं लेबल मी खरवडून टाकतो, गिऱ्हाईकाला आवडत नाही."

"आणि धुतलेलं पाणी कुठे टाकता?"

"चला, दाखवतो," तो अगदी अभिमानाने म्हणाला.

त्याच्यामागून मी वाडीच्या टोकाला गेले. केळींच्या शेवटच्या रांगेमागे त्याचं सगळं मांडलेलं होतं, निळी पिंपं, काळी पिंपं, काथ्या, घासण्या. मधोमध एक खड्डा. खड्ड्याच्या काठावर गवताची काडी नव्हती, माती काळी पडून चकाकत होती. जवळच्या दोन केळी उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या. इनासने माझ्यादेखत एका पिंपातलं धुवण त्यात ओतलं. भुस्स करून फेस आला. थोड्या वेळाने फेस बसला आणि खड्डा हळूहळू रिकामा झाला.

"बघा," इनास म्हणाला. "हिवाळ्यापासून ओततोय, एकदाही भरला नाही. तुमची जमीन लय भारी आहे, वहिनी. कितीही ओता, पिऊन टाकते."

मी मान वळवून पाहिलं. वाडीला किंचित उतार होता, आणि उताराच्या खाली, केळींच्या खोडांमधून, आमच्या विहिरीचा कठडा दिसत होता. मी पोटावर हात ठेवला. आत पोर हललं, तेवढाच काय तो धीर.

"इनासभाऊ, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"हेच की, विहिरीचं. घरीपण हेच नेतो." तो हसला. "का हो?"

त्याला काय सांगणार होते मी? त्याच्या घरी तीन पोरं हेच पाणी पीत होती.

त्या संध्याकाळी मी एलायसला सगळं सांगितलं. या वेळी तो वैतागला नाही. मग म्हणाला, "सण होऊ दे. परवा मी स्वतः बाबांशी बोलतो."

"परवा? अरे, उद्या सगळं गाव ते पाणी घरी नेईल!"

"एका दिवसाने काय होणार आहे, रेजी? इतके दिवस पितायतच ना." बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला.

सकाळी कासव वर आलं. उलटं, पोट वर करून. एलायसने ते टोपलीने काढलं आणि कुणी बघायच्या आत केळीखाली पुरलं. "आज कुणाला बोलू नकोस," मला एवढंच म्हणाला. क्रुसाला चुना लावून झाला होता, आळीतली मुलं पताका बांधत होती. सासूबाई परातीत चणे निवडत होत्या. बाबा लेंगा-सदरा इस्त्रीला देऊन, दोर नवा बांधून, कप्पीला तेल घालत होते. मला बघून हसले. "काय बाय, पाय दुखतात का?"

इतक्या मायेने विचारलं की माझा बांध फुटला.

"बाबा, कासव मेलं," मी म्हटलं.

त्यांचा हात कप्पीवर थांबला. मी मग थांबले नाही. वास, खड्डा, पिंप, नातालमावशींचा नातू, सगळं एका दमात सांगितलं. "बाबा, पाणी बिघडलंय. आज कुणाला देऊ नका. तुमच्या पाया पडते."

सासूबाई हातातली परात ठेवून धावत आल्या. "रेजी! काय बोलतेस! सणाच्या दिवशी?"

बाबांनी बादली सोडली, पाणी शेंदलं, पेला बुडवला आणि माझ्यासमोर घटाघटा पिऊन टाकला. मग दुसरा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे."

"बाबा, नको."

"सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या तेव्हा देवाने ही राखली. माझ्यासाठी नाही, गावासाठी. या पाण्याला नाही म्हणशील?"

पेला माझ्या तोंडापाशी होता. तो गोड वास नाकात शिरत होता. सासूबाईंनी हळूच माझ्या पाठीला हात लावला. म्हणजे पी, बाबांचा मान ठेव. एलायस दारात उभा राहून बघत होता. सासऱ्याचा हात झिडकारायचा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण भीती मानापेक्षा मोठी झाली.

"मी एकटी असते तर प्याले असते," मी म्हटलं. "पण हे माझं एकटीचं नाही, बाबा. हे तुमचं नातवंड आहे. याला पाजायचं असेल तर तुम्ही सांगा. तुम्ही पी म्हणालात तर पिते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. त्यांनी पी म्हटलं नाही. नको पिऊ असंही म्हटलं नाही. पेला कठड्यावर ठेवला आणि घरात निघून गेले.

"समाधान झालं?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

दुपारभर बाबा खोलीत होते. जेवले नाहीत. मी निळ्या पिंपाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. सरबत केलं ते एलायसने सायकलवरून दोन फेऱ्या मारून स्टेशनकडून आणलेल्या पाण्याचं, मोठ्या पातेल्यात. चणेही त्याच पाण्यात शिजले. सासूबाईंनी अडवलं नाही. तेव्हा मला कळलं, त्यांनाही भीती शिवली होती. पण विहिरीचं पाणी द्यायचं की नाही, ते फक्त बाबांच्या हातात होतं.

संध्याकाळी गाव जमलं. बायका लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून आल्या. प्रत्येक घरचं भांडं क्रुसाच्या पायरीवर ओळीने मांडलं गेलं, कळशा, तांबे, बाटल्या, कुणाचा थर्मास. सगळ्यांत पुढे नातालमावशींची कळशी. नातू त्यांच्या कडेवर होता, तोंड उघडं टाकून, लाळ गाळत. इनास बायको-पोरांना घेऊन आला होता, आंघोळ करून, भांग पाडून.

जपमाळ सुरू झाली. "नमो मारिया, कृपापूर्णे" म्हणताना माझं लक्ष सगळं बाबांकडे. ते नेहमीच्या जागी गुडघे टेकून होते, पण ओठ हलत नव्हते. लितानी झाली. फादरांनी आशीर्वाद दिला. मुलं चण्यांकडे बघायला लागली, आणि बाबा उठून विहिरीपाशी गेले.

बादली खाली गेली. पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. दोर वर यायला लागला तसा मी एलायसचा दंड घट्ट धरला. "तू बोल," मी त्याच्या कानात म्हटलं. "नाहीतर मी ओरडेन."

बाबांनी बादली कठड्यावर घेतली आणि नातालमावशींची कळशी पुढे ओढली. बादली तिरकी केली. पाणी काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. बाबा तसेच उभे राहिले.

"ओत की, बस्त्याव," मावशी म्हणाल्या. "पोराला घोटभर इथेच पाजते."

बाबांनी बादली बाजूला घेतली आणि सगळं पाणी जमिनीवर ओतलं.

कुणाला काही कळेना. कुणीतरी हसलंसुद्धा. बाबा क्रुसाकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाणी कुणी नेऊ नका. घरी असेल ते टाकून द्या. विहीर बिघडलीय."

"कोण म्हणतं?" मागून कुणीतरी विचारलं.

मला वाटलं, आता बोट माझ्याकडे येणार. अंग चोरून मी एलायसच्या मागे सरकले.

"मी म्हणतो," बाबा म्हणाले. "मला वास येतो. सुनेच्या आधीपासून येतो."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. सासूबाईंनी तोंडावर हात घेतला.

"मला वाटलं, आज ना उद्या जाईल. देवाने एकदा राखली होती, परत राखील. रोज पहाटे उठून वरचं पाणी उपसून टाकत होतो. स्वतः पीत होतो. म्हटलं, मला काही होत नाही म्हणजे कुणालाच होणार नाही. विहीर बिघडली म्हटलं, तर देवाने माझ्यावरचा हात काढला असं म्हणावं लागलं असतं. ते माझ्याच्याने म्हणवेना."

तेवढ्यात इनास रडवेला होऊन पुढे आला. त्याला आता सगळं उमगलं होतं. "बाबा, माझ्या पिंपांनी..."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. आवाज चढा नव्हता. "जागा मी दिली. पिंपात काय असतं ते विचारायचं काम माझं होतं. द्यायचा मोठेपणा मला होता, विचारायचे कष्ट नको होते."

सगळे नातालमावशींकडे बघत होते. त्यांनी नातवाचं डोकं खांद्याशी धरलं होतं.

"केव्हापासून, बस्त्याव?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली.

"मी विचारतेय तुला. केव्हापासून वास येतो?"

"राखेच्या बुधवारापासून," बाबा म्हणाले.

म्हणजे अख्खा उपवासकाळ गेला होता, ईस्टर होऊन गेलं होतं, आणि आता मे संपत आला होता. मावशींनी आपली रिकामी कळशी उचलली, नातवाला सावरलं आणि सरबताला हात न लावता चालायला लागल्या. मग एकेकाने आपलं भांडं उचललं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एखाद्याने दिली असती तर बाबांना बरं वाटलं असतं. चण्याचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं.

मला मुलगी झाली आणि ती धडधाकट आहे, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. माझा तर अडीच महिने टांगलेला होता. रोज रात्री पोटावर हात ठेवून मी विचारायचे, बाळा, मी किती प्यायले असेन गं त्याआधी? पाणी तपासून आणलं तर ते जनावरालाही पाजू नये असं निघालं. इनासने खड्डा बुजवला, बाबांनी त्याला केळीच्या वाडीत कामाला घेतलं. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. बाबांनी आणि एलायसने मिळून विहिरीवर फळ्या ठोकल्या. प्रत्येक खिळ्यासरशी सासूबाई दचकत होत्या. घरात माणशी तांब्याभर पाणी उरलं होतं, आणि गावाच्या नळावर जायला आमच्यातलं कुणी धजत नव्हतं. कुठल्या तोंडाने रांगेत उभं राहायचं?

ऊन वर आलं तेव्हा नातालमावशी आल्या. कमरेवर भरलेली कळशी. चर्चच्या पलीकडच्या नळावरून आणली होती, चांगलं लांब पडतं ते. मी दारात धावले, तर त्यांनी कळशी माझ्यापुढे ठेवली.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "पोटभर पी. मी तुला हसले, ते मनात ठेवू नकोस."

मी नुसती त्यांच्या गळ्यात पडले.

बाबा ओटीच्या खांबाशी उभे होते. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. जायला वळल्या, आणि पायरीवर थांबल्या.

"तुला पण तहान असेल," पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मग त्या वळून उभ्या राहिल्या.

"आम्ही इतकी वर्षं तुझ्या दारात येऊन मागितलं, बस्त्याव. लाज नाही वाटली आम्हाला. तू माग."

सासूबाई पुढे व्हायला लागल्या, मी त्यांचा हात धरला. शेवटी बाबा ओटीवरून खाली उतरले, अंगणात मावशींसमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"नाताल, मला पाणी दे."

मी तांब्या बुडवून मावशींच्या हातात दिला. त्यांनी ओंजळीत धार धरली. ओंजळ भरली, बोटांमधून गळायला लागली, पण बाबांनी ती तोंडाशी नेली नाही.

"नातवाला दिलंस का आधी?" त्यांनी विचारलं.

मावशींनी गळत्या ओंजळीत पुन्हा धार धरली.

"दिलं," त्या म्हणाल्या. "पी आता."